रक्तसाक्षी आणि सैनिक

डीन राइट दिग्दर्शित ‘फॉर ग्रेटर ग्लोरी’ (२०१२) हा चित्रपट मेक्सिकोतील क्रिस्तेरो युद्धावर, म्हणजे १९२६ ते १९२९ या काळात सरकारच्या चर्चविरोधी कायद्यांविरुद्ध तेथील कॅथलिकांनी, मुख्यतः खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी, केलेल्या सशस्त्र उठावावर आधारलेला आहे. श्रद्धेसाठी प्राण देणे आणि श्रद्धेसाठी प्राण घेणे यांचे धार्मिक मोल एकच मानता येईल काय, हा प्रश्न या कथानकाच्या मुळाशी असला तरी चित्रपट त्याला थेट भिडत नाही; रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धा नाकारण्याऐवजी मरण पत्करणारा, आणि सैनिक या दोघांना तो एकाच गौरवाचे धनी करून मोकळा होतो.

छळ खरा होता, याविषयी वाद नाही. १९१७ च्या राज्यघटनेतील १३० व्या कलमाने चर्चचे कायदेशीर अस्तित्व नाकारले, धर्मगुरूंचा मताधिकार काढून घेतला आणि त्यांची संख्या ठरवण्याचा अधिकार घटक राज्यांना दिला. राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को एलियास काय्येस यांच्या १९२६ च्या कायद्याने या तरतुदींना शिक्षांची जोड दिली, इतकी की धर्मगुरूने झगा घालून रस्त्यावर येणे हाही ५०० पेसो दंडाचा गुन्हा ठरला. ३१ जुलै रोजी कायदा अमलात येताच बिशपांनी निषेध म्हणून सार्वजनिक उपासना स्वतःहून थांबवली. कॅथलिक श्रद्धेनुसार ईश्वरी कृपा संस्कारांतून, म्हणजे मिस्सा, पापनिवेदन, अंत्यलेपन यांसारख्या दृश्य विधींतून, लाभते आणि त्यांतील बहुतेकांना धर्मगुरू लागतोच; त्यामुळे हालिस्को राज्यातल्या शेतकऱ्याला हा नागरी हक्कांचा नव्हे, तर मरणानंतर आपले काय होणार याचा प्रश्न वाटला, आणि त्याचा राग समजून घ्यायचा तर येथूनच सुरुवात करावी लागते.

परंतु राग न्याय्य असला म्हणजे युद्ध न्याय्य ठरतेच असे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धासाठी तीन अटी सांगितल्या: ते अधिकारी सत्तेने पुकारलेले असावे, त्याचे कारण रास्त असावे आणि लढणाऱ्यांचा हेतू शुद्ध असावा. क्रिस्तेरोंपाशी कारण होते, हेतूही बव्हंशी होता; अधिकार कोणाचा, हे मात्र कोणालाच नीट सांगता येईना, कारण बिशपांमध्ये मतभेद होते आणि रोमने उठावाला उघड आशीर्वाद दिला नव्हता. अन्यायी सत्तेपासून नागरिकांनी योग्य साधनांनी स्वतःचे रक्षण करणे निषेधार्ह नाही, मात्र धर्मगुरूंनी त्यात उतरू नये, असे पोप अकरावे पायस यांनी मेक्सिकोच्या बिशपांना लिहिले ते १९३७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ आठ वर्षे उलटल्यावर. तोवर होसे रेयेस वेगा या धर्मगुरूने सेनापती होऊन एप्रिल १९२७ मध्ये एक आगगाडी लुटली होती आणि पेटवलेल्या डब्यांत पन्नासहून अधिक प्रवासी जळून मेले होते. चित्रपट हा प्रसंग गाळत नाही, ही त्याच्या जमेची बाजू. पण त्या प्रेतांपाशी तो फार वेळ थांबतही नाही.

दुसरी वाट उपलब्ध होती. ग्वादलाहाराचे वकील अनाक्लेतो गोन्सालेस फ्लोरेस यांना गांधीजींच्या मार्गाविषयी आदर होता आणि बहिष्काराच्या बळावर सरकारला नमवता येईल, अशी त्यांची दीर्घकाळ धारणा होती. अखेर नाइलाजाने त्यांनी उठावाला संमती दिली आणि १ एप्रिल १९२७ रोजी हाल करून त्यांना ठार मारण्यात आले. चित्रपटात ते आहेत, परंतु त्यांचे हे अंतर्द्वंद्व, जे खरे तर साऱ्या युद्धाचे नैतिक सार आहे, जवळजवळ हरवले आहे.

त्याऐवजी भार टाकला आहे तो साहुआयो गावच्या होसे सान्चेस देल रिओ या १४ वर्षांच्या मुलावर. सरकारी सैन्याने त्याला पकडून तेथील चर्चमध्ये कोंडले होते. चर्चचा तबेला झाला होता आणि त्यात स्थानिक पुढारी राफाएल पिकासो याचे झुंजीचे कोंबडे ठेवलेले होते. पिकासो हा होसेचा धर्मपिता, म्हणजे धार्मिक संस्काराच्या वेळी त्याची जबाबदारी घेतलेला माणूस. पवित्र जागेची विटंबना सहन न होऊन मुलाने ते कोंबडे मारून टाकले. १० फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच्या तळपायांची कातडी सोलून त्याला दफनभूमीपर्यंत चालवत नेले आणि श्रद्धा सोडलीस तर जीव वाचेल, असे सांगितले. त्याने ते नाकारले. हा नकारच रक्तसाक्ष्याला सैनिकापासून वेगळा करतो, कारण रणांगणावरच्या सैनिकाला गोळी लागते ती त्याचे उत्तर न विचारता. चित्रपटात याच मुलाचा मृत्यू क्रिस्तेरोंचे सेनापती एन्रिके गोरोस्तिएता यांच्या मनपरिवर्तनाला आणि पर्यायाने त्यांच्या लढाईला पावित्र्य मिळवून देतो. चर्चने असा हिशेब केला नाही: २१ मे २००० रोजी संत घोषित झालेल्या २५ मेक्सिकन रक्तसाक्ष्यांत बहुतेक शस्त्र न उचललेले धर्मगुरू आहेत, गोरोस्तिएता नाहीत.

तथापि चर्चची रेषाही वाटते तितकी सरळ नाही. होसे पकडला गेला तो भर लढाईत, आपल्या सेनानीचा घोडा पडल्यावर स्वतःचा घोडा त्याला देऊन. २०१६ मध्ये त्याला संतपद देताना चर्चने त्याच्या मरणाकडे पाहिले. तो घोडा मात्र युद्धाच्याच कामी आला होता.