बिडालव्रत आणि भूतदया

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना भगवंतांनी दुसऱ्या श्लोकाच्या आरंभीच अहिंसा सांगितली आहे, आणि त्याच श्लोकात पुढे भूतमात्रांविषयीची दया हा गुण पुन्हा वेगळा गणला आहे. अहिंसेत दयेचा संपूर्ण अंतर्भाव होत असता, तर ही पुनरुक्ती ठरली असती. वस्तुतः दोहोंत भेद आहे. अहिंसा हात आवरते. दया हात पुढे करते. मोठ्या प्रसंगी हा भेद सर्वांस कळतो. नित्याच्या लहान व्यवहारात मात्र तो दृष्टीआड होतो. घरातील मांजरीची नकोशी झालेली पिल्ले हा असाच एक लहान व्यवहार आहे. त्याविषयीची लोकांची समजूत गेल्या काही दशकांत पालटत चालली आहे. म्हणून त्याचा धर्मदृष्टीने विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजराच्या हत्येस प्रायश्चित्त सांगितले आहे. ज्याच्या हातून मांजर मरेल त्याने सोन्याचे मांजर करून दान द्यावे, ही समजूत तर महाराष्ट्रातही आहे आणि उत्तर हिंदुस्थानातही आहे. भगवतीचरण वर्मा यांची ‘प्रायश्चित्त’ ही प्रसिद्ध हिंदी कथा याच समजुतीवर उभी आहे. या भीतीमुळे मांजर मारण्यास सहसा कोणी धजत नाही, हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर एक पळवाटही निघाली. मांजरी माळ्यावर किंवा अडगळीत व्याली, की पिल्ले पोत्यात घालून नदीपलीकडे, बाजारात अथवा देवळाच्या आवारात सोडून यावयाची, आणि ‘मारली तर नाहीत, सोडली’ असे म्हणून निश्चिंत व्हावयाचे!

या सोडण्याचा अर्थ काय होतो? नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. त्याचे डोळे उघडावयास साधारण ७ ते १० दिवस लागतात. अंगातील ऊब त्याला स्वतः राखता येत नाही. दर दोन-तीन तासांनी दूध मिळावे लागते. आणि पहिले काही आठवडे आईने चाटल्यावाचून त्याला मलमूत्रविसर्जनही होत नाही. असा जीव आईपासून तोडून पिंपळाच्या पारावर ठेवणे म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणे होय. मारणारा तेवढा बदलतो. गृहस्थाच्या जागी भूक येते, थंडी येते, कावळा येतो, नाही तर गाडीचे चाक येते.

राज्याच्या कायद्यानेही हा भेद मानलेला नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्यास यातना होण्याचा संभव असेल अशा स्थितीत त्याला योग्य कारणावाचून टाकून देणे, हा अपराध ठरविला आहे. या कायद्यामागे राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे मोठे प्रयत्न होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात धर्माचा ध्वज मिरविणाऱ्या दांभिकास बैडालव्रतिक म्हटले आहे. हितोपदेशातील दीर्घकर्ण नावाचा बोका चांद्रायणव्रताची बतावणी करून पक्ष्यांची पिल्ले खातो. अशा रीतीने दंभाचे नाव मांजरावर पडले. परंतु आपल्या पुण्यास डाग लागू नये एवढ्याचसाठी जो पिल्लांचे मरण दृष्टीआड करतो, त्याच्या आचरणास दुसरे कोणते नाव द्यावे? त्याची चिंता पिल्लाची नसते, स्वतःच्या पापपुण्याच्या खात्याची असते.

या संकटावर आज निर्बीजीकरणाचा उपाय सांगितला जातो. मांजरी चार ते सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तिच्या सर्व पिल्लांना घरे मिळणे अशक्य असते. मोकळ्या फिरणाऱ्या मांजरींच्या १६९ पिल्लांची नोंद ठेवून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांपैकी १२७ पिल्ले सहा महिन्यांची होण्यापूर्वीच मेली किंवा नाहीशी झाली. भारतात भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम २००१ मध्ये झाले. त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम आले, तेव्हा नियमांच्या नावातील ‘कुत्रे’ हा शब्द गळून ‘प्राणी’ एवढाच उरला. जन्मलेल्यास मारण्यापेक्षा किंवा टाकण्यापेक्षा जन्माआधीच विचार करावा, असा हा मतपालट आहे.

यावर श्रद्धाळू मनात तीन शंका उठतात, आणि त्या उडवून लावण्याजोग्या नाहीत.

पहिली शंका अशी की, हा ईश्वराच्या सृष्टीत हस्तक्षेप आहे. परंतु उंदरांपासून धान्य राखण्यासाठी मनुष्यानेच मांजराला जवळ केले आणि वस्तीतील उष्ट्याखरकट्यावर त्याची संख्या वाढू दिली. जी व्यवस्था मनुष्याने घडविली, तिच्या परिणामांचा भार ईश्वरावर टाकता येत नाही. शिवाय, पिढ्यानपिढ्या नांगराला जुंपण्यासाठी गोऱ्ह्यांना खच्ची करीत, तेही भूल न देता. तेव्हा ही शंका क्वचितच कोणी घेतली. यावरून ते कृत्य योग्य ठरत नाही. मात्र शंकेमागे तत्त्वापेक्षा सवयच अधिक आहे, एवढे कळते.

दुसरी शंका मातृत्वाची. मांजरीचे वात्सल्य खरे आहे. पिल्ले नाहीशी झाल्यावर ती घरभर ओरडत फिरते, हे अनेकांनी ऐकलेले असते. मग मातृत्वावर खरा आघात कोणता? झालेली पिल्ले वारंवार हिरावून नेणे हाच. न झालेल्या संततीसाठी ती झुरते, असे मानण्यास काही आधार नाही.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे: शस्त्र चालविणे ही हिंसाच नव्हे काय? तिच्यात हिंसेचा अंश आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तशी सर्व कर्मे दोषाने वेढलेली असतात, असे अठराव्या अध्यायाच्या ४८ व्या श्लोकात भगवंत सांगतात. महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधही कौशिक ब्राह्मणास हेच दाखवून देतो की, शेत नांगरतानासुद्धा असंख्य जीव मरतात. म्हणून निर्दोष कर्म शोधीत स्वस्थ बसणे हा मार्ग नव्हे. कोणत्या कर्मात दोष थोडा आणि कोणाचे हित अधिक, हे पाहावे लागते. निष्णात पशुवैद्य, पुरेशी भूल, नंतरची शुश्रूषा आणि बरे झाल्यावर मांजराला त्याच्याच ओळखीच्या जागी पोहोचविणे, एवढे सांभाळले तरच त्या शस्त्राला दयेचे नाव देता येईल. गाभण मांजरीचा प्रश्न याहून बिकट आहे. कुत्र्यांविषयीच्या २००१ च्या नियमांत गाभण मादीवर ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई होती. गर्भाचा नाश ही हलकी गोष्ट नव्हे. आणि म्हणूनच हे कार्य वेळेवर, गर्भ राहण्यापूर्वी करण्याचे कर्तव्य अधिक कडक होते.

पिल्ले वाचविणाऱ्यांनाही गीतेचा एक श्लोक मार्गदर्शक आहे. अठराव्या अध्यायाच्या २५ व्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण सांगताना चार गोष्टी सांगितल्या आहेत: पुढचा परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य. यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. रोज दारी दूध ठेवून मांजरांची संख्या वाढू देणे आणि निर्बीजीकरणाचे नाव न काढणे, यात परिणामाचा विचार नाही. आई भक्ष्याच्या शोधात गेली असता पिल्ले एकटी दिसली म्हणून लगेच उचलून नेणे, यात हानीचा विचार नाही; काही वेळ दूर राहून आईची वाट पाहणे, हीच तेथे दया. तान्ह्या पिल्लास गाईचे दूध पाजले, तर अनेकदा हगवण लागून ते दगावते. येथे हेतू चांगला असूनही हिंसा घडते. आणि दोन खोल्यांच्या घरात तीस मांजरे कोंडणाऱ्याने स्वतःचे सामर्थ्य पाहिलेले नसते. एकाचा रोग सर्वांस लागतो, आणि वाचविण्याचे स्थान यातनेचे स्थान होते. यांपैकी कोणालाही निर्दय म्हणता येणार नाही. त्यांच्या दयेस विवेकाची जोड हवी, इतकेच.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांच्या तेंगलै परंपरेत शरणागतीस मार्जारन्यायाचा दृष्टांत देतात. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून ठेवते, मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही; आईच त्याला तोंडात उचलून सुरक्षित स्थळी नेते. राजस्थानाकडील लोककथेत श्रीयादे नावाची कुंभारीण न कळत आवा पेटविते. आतील भांड्यात मांजरीची पिल्ले आहेत हे ध्यानात येताच ती हरीचा धावा करते आणि पिल्ले जिवंत निघतात. ते पाहून बालक प्रल्हादाची श्रद्धा दृढ होते. भगवंत असहायांचे रक्षण करतो, हा दोहोंचा भाव. परंतु श्रीयादेला आधी ठाऊक नव्हते. पोते उचलून नेणाऱ्याला मात्र आत काय आहे ते पुरते ठाऊक असते. जाणूनबुजून टाकलेल्या जिवांना देव राखील, असे म्हणणे ही श्रद्धा नव्हे. आपले कर्तव्य देवाच्या माथी मारणे आहे. असहायास उचलणारा भगवंत पुष्कळदा मनुष्याच्याच हातांनी उचलतो.

साधकाला या कार्यात आणखी एक लाभ आहे. शस्त्रक्रियेहून परतलेली मांजरी उपकार मानीत नाही. बहुधा पिंजरा उघडताच पळून जाते. जी पिल्ले जन्मलीच नाहीत, त्यांचा दुवा कोणालाही मिळत नाही. शेजारी उलट दोषही देतात. फळ डोळ्यांना दिसणारच नाही असे जाणून जे कर्म मनापासून केले जाते, त्यात निष्कामतेचा अभ्यास आपोआप घडतो. ज्याच्या दारी मांजरी येते, त्या गृहस्थाला हा अभ्यास करण्यासाठी तीर्थास जावयास नको. तिला वेळीच पशुवैद्याकडे न्यावे, झालेल्या पिल्लांपैकी आपल्याकडून निभेल तेवढ्यांचा सांभाळ करावा, उरलेल्यांसाठी खात्रीची घरे शोधावी, आणि तोवर पोत्याचे तोंड बांधू नये.