विकणाऱ्याचे मौन

घर विकणे आहे, म्हैस विकणे आहे, शिवणयंत्र विकणे आहे, अशा जाहिराती आपण नेहमी वाचतो. समुद्रकाठच्या देशांत त्यांच्याच शेजारी आणखी एक जाहिरात दिसते : लांब पल्ल्याच्या सफरीची नौका विकणे आहे, शिडे व इंजिन दोन्ही, निगा उत्तम. या जातीच्या नौकेला मोटरसेलर म्हणतात. इंग्लंडात १९७० नंतरच्या दशकात बांधलेल्या ‘फिशर’ नौका या जातीत नावाजलेल्या आहेत. उत्तर समुद्रातल्या मासेमारी बोटींचा घाट, दोन्ही टोकांना निमुळते अंग, पोट मात्र भरदार. त्यांतली ३७ फुटी नौका वजनाला सुमारे १४ टन भरते. सुकाणू धरणारा काचबंद खोलीत उभा राहतो. पाऊस आणि लाटांचे तुषार बाहेर राहतात. वारा असला तर शिडे उभारावीत, वारा पडला तर डिझेलवर चालावे. निव्वळ शिडाचे अभिमानी लोक अशा नौकेला नाके मुरडतात. पण आमच्या कोकणातही होड्यांवर इंजिने चढली, तेव्हा शिडाने आणि इंजिनाने काही काळ एकाच होडीत सुखाने संसार केला, आणि त्यात कोणाची अब्रू गेली नाही.

मला या जाहिरातीतले नौकेचे वर्णन तितकेसे महत्त्वाचे वाटत नाही. महत्त्वाचे वाटतात ते शेवटचे दोन शब्द : निगा उत्तम. या दोन शब्दांनी विकणारा नेमके काय सांगतो? आणि काय सांगायचे टाळतो?

निगा म्हणजे काय, ते आधी पाहू. समुद्राचे पाणी धातूला खाते. म्हणून नौकेच्या बुडाला जस्ताचे तुकडे लावतात. पाण्याने पंखा खाण्याऐवजी ते जस्त खावे, अशी ती योजना असते. जस्त झिजले की नवे लावायचे. डोलकाठी सावरून धरणाऱ्या पोलादी तारा वरून चकचकीत दिसतात, पण आतून थकतात. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. फायबरग्लासच्या अंगात वर्षानुवर्षे पाणी मुरते आणि पाण्याखालच्या भागावर फोड येतात. शिवाय तळाला आरपार भोके असतात, त्यांतून इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी आत येते आणि मोरीचे बाहेर जाते. त्या भोकांवरच्या तोट्या साध्या पितळेच्या असतील, तर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते. तोटी दिसायला जागच्या जागी असते. फक्त रंग किंचित गुलाबी झालेला असतो, आणि एखाद्या दिवशी ती हातात बिस्किटासारखी तुटते.

आता असे पाहा. दोन मालक आहेत. एकाने दहा वर्षांत नौकेची फळी उचलून खाली डोकावले नाही. त्याला विचारा, काही दोष आहे का? तो छातीवर हात ठेवून सांगेल, ‘माझ्या माहितीत नाही बुवा.’ आणि ते खरेच असेल! दुसरा मालक दर पावसाळ्याआधी आपल्या तांडेलांनी होडी शाकारावी तसा दर हिवाळ्यात नौका कोरड्यावर घेतो, अंगाला अंग लावून तपासतो, वहीत लिहितो. त्याला विचाराल, तर तो सतरा गोष्टी सांगू शकेल : डावीकडची एक तोटी बदलायला हवी, खिडकीच्या कडेने पाणी झिरपते, एका तारेचे वय झाले आहे. म्हणजे ज्याने अधिक जपले, त्याच्याजवळच सांगण्यासारखे दोष अधिक. अज्ञान निर्मळ दिसते आणि निगेचाच चेहरा डागाळलेला दिसतो. मग दुसऱ्या मालकाने सगळे सांगावे काय? सांगितले तर किंमत उतरते. दहा वर्षे घाम गाळल्याची शिक्षा मिळते. न सांगावे, तर दहा वर्षांच्या घामाने मिळवलेले ज्ञान तो गिऱ्हाइकाविरुद्ध वापरतो.

हा प्रश्न आजचा नाही. रोमन लेखक सिसरो याने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद दिला आहे. बॅबिलोनचा डायोजेनिस हा गुरू आणि अँटिपेटर हा त्याचा शिष्य. एक माणूस घर विकतो आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांतून विषारी जिवाणू निघते. आणि हे मालकाखेरीज कोणालाच ठाऊक नाही. शिष्य म्हणतो, सांगितलेच पाहिजे. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याइतकेच हे पाप आहे. गुरू म्हणतो, न सांगणे वेगळे आणि फसवणे वेगळे. कोणी तुला घर घ्यायची सक्ती केली का? त्याने आणखी एक मुद्दा काढला, तो वाचून मला हसू आले : लोक ‘उत्तम, पक्के बांधलेले घर’ अशी जाहिरात लावतात, आणि घर तसे नसले तरी त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. म्हणजे ‘निगा उत्तम’ हे शब्द दोन हजार वर्षांपूर्वीही बाजारात होते, आणि तेव्हाही त्यांच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवीत नव्हते! सिसरोने स्वतः कौल दिला तो शिष्याच्या बाजूने. जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे ही लपवाछपवीच होय, असे त्याचे म्हणणे पडले.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्यात कपटाची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली घोड्याची उदाहरणे आहेत. एकजण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे. तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. लगेच पुढचे उदाहरण येते. तोच घोडा, तोच विकणारा. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र नात्यामुळेच त्याने बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

वाचकहो, कायद्याच्या रूक्ष पुस्तकात एवढी मोठी नीतिकथा दोन ओळींत सापडेल असे मला वाटले नव्हते. खोड तीच राहिली, घोडा तोच राहिला. बदलली ती फक्त घेणारी. याचा अर्थ, बाप सत्य सांगतो तो घोड्याच्या खोडीमुळे नव्हे. मुलगी आपल्या शब्दावर विसंबून पाय रिकिबीत घालणार आहे म्हणून. तेव्हा खरा प्रश्न असा की आपल्या मुलीच्या जागी आणखी कोणाकोणाला धरावयाचे?

घराच्या बाबतीत कायद्याने स्वतःच एक पाऊल पुढे टाकले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर-जमीन विकणाऱ्याने, घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही असा मोठा दोष, स्वतःला ठाऊक असेल तर सांगितला पाहिजे. जंगम मालाला मात्र ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत’ हा जुना नियम बराचसा लागू राहिला. मग मोटरसेलर काय आहे? कायद्याच्या खात्यात ती माल आहे. पण तिच्यात चूल आहे, अंथरुणे आहेत, गोड्या पाण्याची टाकी आहे. कित्येक जोडपी पेन्शनीत निघाल्यावर राहते घर विकून तिच्यातच संसार थाटतात. ती माल आहे आणि घरही आहे. आणि हे घर रात्री किनाऱ्यापासून शंभर मैलांवर असते. जमिनीवरचे घर गळले तर माणूस ओसरीवर झोपतो, शेजाऱ्याला हाक मारतो. तिथे तोटी तुटली तर हाक कोणाला मारणार? बिस्किटासारखी ठिसूळ तोटी ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प बसून पैसे मोजून घेतले, तर त्या मौनाची किंमत दुसऱ्या कोणाची बायकोमुले मोजतील.

कोणी म्हणेल, ‘घेणारा तपासनीस आणतो ना? त्याने शोधावे.’ आणावाच. पण तपासनीस एक दिवस येतो, ठोकून पाहतो, ओल मोजतो आणि जातो. मालक दहा वर्षे राहिलेला असतो. तपासनीसाला तारेचा व्रण दिसेल. कोणत्या वादळात तार कण्हली होती, हे मालकच जाणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विकणारा श्रीमंतच असतो असे नाही. त्याला बायकोच्या आजारपणासाठी पैसा हवा असेल, मुलांना द्यायचा असेल. प्रामाणिकपणाचा भुर्दंड त्यानेच का सोसावा? मला वाटते, येथे एक रेघ ओढता येते. स्वतःची अडचण सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर नाही. तो का विकतो, किती खाली उतरेल, त्याला किती घाई आहे, या गोष्टी त्याच्या घरच्या आहेत. त्या झाकून घासाघीस करण्यात पाप नाही. पण नौकेचा दोष नौकेबरोबर जातो. तो विकल्यानंतर विकणाऱ्याचा राहत नाही, घेणाऱ्याच्या उशाखाली येऊन बसतो. जे त्याच्या उशाखाली जाणार, ते त्याला ठाऊक असलेच पाहिजे. आणि किंमत उतरते म्हणाल, तर ती दोष सांगितल्याने उतरत नाही. ती दोष आला त्याच दिवशी उतरलेली असते. सांगणाऱ्याचे काही गेले नाही. न सांगणाऱ्याने दुसऱ्याच्या खिशातून घेतले, एवढेच.

शाळेत वर्ष संपले की मी माझा वर्ग पुढच्या शिक्षकाच्या हाती देतो. हजेरीपटावर गुण लिहिलेले असतात. पण अमक्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून त्याला पुढे बसवा, अमकीचे वडील वारले आहेत म्हणून तिला निबंधात ‘माझे बाबा’ हा विषय देऊ नका, हे पटावर नसते. ते तोंडी सांगावे लागते. ते सांगितले नाही तर माझ्या वर्गाचा निकाल काही खाली येत नाही; खाली जाते ते मूल. ज्याने वर्षभर सांभाळले त्यालाच हे ठाऊक असते, आणि म्हणूनच ते त्याच्या एकट्याचे नसते. मुलीचे स्थळ ठरवताना, वडिलार्जित घराच्या वाटण्या करताना, जुनी सायकल धाकट्या भावाला देताना हीच कसोटी आपल्यापुढे येते. समुद्र फक्त ती अधिक कठोरपणे घेतो.

म्हणून मला वाटते, चांगल्या मालकाजवळ विकायला खरोखर दोन वस्तू असतात. एक नौका, आणि दुसरी तिची वही. तेल केव्हा बदलले, तारा कोणत्या साली चढवल्या, कोणती खिडकी नैर्ऋत्येच्या वाऱ्यात झिरपते, हे ज्या वहीत आहे ती वही दिली, की दहा वर्षांची निगा घेणाऱ्याच्या हाती गेली. वही घरी ठेवून नुसती नौका दिली, तर रंगरंगोटी गेली. निगा मालकाच्या कपाटातच राहिली. आणि समजूतदार गिऱ्हाईक असेल तर सतरा दोषांच्या यादीला भिणार नाही. ज्या नौकेचे सतरा दोष तारीखवार लिहिले आहेत, तिचा अठरावा दोषही कोणीतरी पाहिलाच असता, हे त्याला कळेल. ‘एकही दोष नाही’ म्हणणाऱ्याच्या नौकेवर मात्र तो आपली मुले चढवणार नाही.

तेव्हा मला कोणी ती जाहिरात लिहायला सांगितली, तर शिडे, इंजिन, लांबी, वजन सगळे तसेच ठेवीन. फक्त शेवटी ‘निगा उत्तम’ एवढ्यावर न थांबता पुढे लिहीन : ‘दोषांची यादी वहीत आहे. वही नौकेबरोबर मिळेल.’