आवडत नसलेल्या माणसावर प्रीती

ख्रिस्ती प्रवचनांत प्रेमाचे चार प्रकार सांगण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. एरोस म्हणजे शृंगार, स्टोर्गे म्हणजे घरच्या माणसांची माया, फिलिया म्हणजे मैत्री आणि अगापे म्हणजे निरपेक्ष, दैवी प्रीती. सी. एस. लुईस यांच्या १९६० सालच्या 'द फोर लव्ह्ज' या पुस्तकाने ही मांडणी दूरवर पोचवली. अकोल्यात मोर्णेपलीकडच्या आमच्या चर्चमध्येही लग्नाच्या उपदेशात ती हमखास येते. ऐकायला गोड आहे, लक्षातही राहते. पण ग्रीक नवा करार उघडला की ही चौकट मोडते, आणि ती मोडते हे मला फार मोलाचे वाटते.

एरोस हा शब्द नव्या करारात एकदाही येत नाही. स्टोर्गे सुटा सापडत नाही. 'माया नसलेले' अशा नकारी रूपात दोनदा आणि एका जोडशब्दात एकदा, एवढीच त्याची हजेरी. फिलिया हे नाम फक्त याकोबाच्या पत्रात एकदा येते, तेही जगाशी केलेल्या मैत्रीला दोष देताना. अगापे मात्र शंभराहून अधिक वेळा, आणि तिचे क्रियापद त्याहूनही जास्त वेळा.

मग हा शब्द मुळातच सोवळा होता का? मुळीच नाही. येशूच्या आधी यहुदी पंडितांनी हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये नेले. त्या भाषांतरात दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. त्याच्या त्या आंधळ्या वासनेलाही अगापेच म्हटले आहे. 'गीतरत्ना'तली प्रेयसी घायाळ होते ती अगापेनेच. पौलाला सोडून गेलेल्या देमासाला या जगाचा लोभ सुटला, तिथेही हेच क्रियापद आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे का. पहिल्या दोन वेळा एक क्रियापद, तिसऱ्या वेळी दुसरे. या फरकावर तासतास उपदेश होतात. पण हाच योहान पित्याचे पुत्रावरचे प्रेम सांगताना दोन्ही क्रियापदे वापरतो, त्यामुळे तिथला बदल निव्वळ लेखनशैलीचा आहे असे मानणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे.

स्वीडनचे धर्मपंडित अँडर्स नुग्रेन यांनी १९३० च्या दशकात एरोस आणि अगापे यांच्यामध्ये उंच भिंत बांधली. ती मला पटत नाही, आणि त्याचे एक कारण अगदी वऱ्हाडी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि कृष्णाची पत्नी मानीत. कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. ज्या भूमीत हे आदराने पाहिले गेले, तिथल्या ख्रिस्ती माणसाला गीतरत्नातली घायाळ प्रेयसी परकी वाटायचे कारण नाही. ओढ आणि प्रीती यांची ताटातूट करून देवाचे काही भले होत नाही.

तर मग अगापेला तिचा अर्थ आला कुठून? करिंथच्या एका भांडखोर मंडळीतून. तिथे प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत, पीत, आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना पत्रात चांगलेच खडसावले आहे. पुढे दोनच अध्यायांनी प्रीतीचा तो प्रसिद्ध भाग येतो, जो आज लग्नपत्रिकेवर छापतात. तो लिहिला नवरानवरीसाठी नव्हता. तो लिहिला होता एकमेकांचे तोंड पाहवत नसलेल्या माणसांसाठी. मराठीत आपण प्रीती सहनशील आहे, अमुक आहे, तमुक आहे, असे गुण म्हणून वाचतो. ग्रीकमध्ये तिथे ओळीने पंधरा क्रियापदे आहेत. प्रीती काय करते आणि काय करत नाही, एवढेच पौल सांगतो. तिला काय वाटते हे तो सांगत नाही.

याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा जुन्या शहरात नीट कळला. राजराजेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या एका बोळात आमच्या शेजारच्या काकू राहतात. त्यांच्या समोर एक एकटी म्हातारी. दोघींचे भांडण जुने, सांडपाण्यावरून सुरू झालेले, आणि ते मिटलेले नाही. म्हातारी पडली, खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून काकू रोज दुपारी ज्वारीची भाकर दुधात कुस्करून तिच्याकडे नेतात. दात नाहीत म्हणून भाकरीचा पापुद्रा आधी काढून ठेवतात. म्हातारी खाताखाता नावं ठेवते, दूध पातळ आहे म्हणते. काकू तिथेच बसून भांडे रिकामे व्हायची वाट पाहतात. मी एकदा म्हटले, काकू, तुमचा जीव जडला दिसतो तिच्यावर. त्या पटकन म्हणाल्या, "कायचा जीव जडते बाप्पा! मले तं ते आवडतबी नाई. पन उपाशी कसं ठेवाव तिले?" करिंथच्या मंडळीला पौल जे समजावून थकला, ते काकू एका दमात बोलून गेल्या.

सद्गुणाचीही गोष्ट अशीच उलटीपालटी आहे. आरेते हा ग्रीकांचा मानाचा शब्द. होमरच्या काव्यात ती वीराची कर्तबगारी, पुढे प्लेटो-ॲरिस्टॉटलकडे माणसाने कमावलेली चारित्र्याची उत्तमता. ॲरिस्टॉटलचा थोर मनाचा माणूस स्वतःची योग्यता ओळखून असतो आणि तेवढा मान मागतोही. नव्या करारात मात्र आरेते जेमतेम पाच वेळा येते, त्यातही दोन वेळा देवाविषयी. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ती एका साखळीत ओवली आहे: विश्वासात आरेतेची भर घाला, तिच्यात ज्ञानाची, मग संयम, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि सर्वांत शेवटी अगापे. ग्रीकांनी ज्याला शिखर मानले त्याला इथे दुसरी पायरी मिळाली. आणि ज्या दीनपणाला त्यांच्या कानी गुलामीचा वास येई, ती नम्रता पौलाने गुणांत आणून बसवली. मूल्यांची एवढी मोठी उलथापालथ कुठल्या फर्मानाने झालेली नाही, ती पत्रांतून झाली.

मराठीत आरेतेसाठी 'सात्त्विकता' आली. शब्द सुंदर आहे, पण त्यात सांख्यांचा सत्त्वगुण आणि उपासाचा फराळ दोन्ही डोकावतात, आणि ग्रीक शब्दातली धमक हरवते. अगापेसाठी 'प्रीती' मात्र टिकली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल साध्या मराठीत आणले, खेड्यातल्या बायांना वाचता यावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून झाला. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईने साधी भाषा निवडली, यात मला पौलाची नम्रता दिसते. त्यांना ख्रिस्ती धर्माकडे नेले तेही तत्त्वज्ञानाने नव्हे. इंग्लंडमध्ये फुलहॅमला जोगिणी 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या बायकांना मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले, हे कुठून येते असे विचारले, आणि उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. आधी काम दिसले, अर्थ मागून आला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या.

वऱ्हाडात याच वाटेने गेलेली दोन ठिकाणे मी नेहमी जोडीने आठवतो. परतवाड्याजवळ कोठारा इथे मिशनऱ्यांनी उभारलेले जुने कुष्ठरुग्णालय आहे. अमरावतीला तपोवन आहे, १९४६ साली डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी वसवलेले. दाजीसाहेब ख्रिस्ती नव्हते. योहानाच्या पहिल्या पत्रात एक प्रश्न आहे: भाऊ गरजेत दिसत असताना ज्याने आपली आतडी बंद करून घेतली, त्याच्यात देवाची अगापे राहील कशी? ग्रीक शब्द खरोखरच आतड्यांचा आहे. आपल्याकडेही आतडं तुटतं, पण ते बहुधा पोटच्या लेकरासाठी, फार तर आतड्याच्या माणसासाठी. योहानाचा 'भाऊ' तरी कोण? मंडळीतला विश्वासणारा. झडलेल्या बोटांचे, घरच्यांनी गावाबाहेर काढलेले रोगी त्या हद्दीत धरले जातात की नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलेले नाही. कोठाऱ्याला मिशनऱ्यांनी त्यांना आत घेतले, तपोवनात दाजीसाहेबांनी.