खोकला कोणाचा?

कामावरचा मजूर खोकू लागला की माझ्या मनात आधी काय येतं? ‘याला टीबी तर नाही ना, घरात लहान मुलं आहेत.’ याला बरं नाही, हा विचार त्यानंतर कधीतरी. हा क्रम मला बरेच दिवस खुपतो आहे.

भीती अगदीच खोटी नाही. टीबी हवेतून पसरतो. पण निदान झालं, सहा महिने औषधं नीट घेतली, की बहुतेक जण बरे होतात. झाबुआ, अलीराजपूर, धारच्या आदिवासींच्या वाट्याला याच लक्षणांचा दुसरा आजार आला: सिलिकोसिस. ही माणसं गुजरातेत गोध्रा, बालासिनोरला क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेली. काचेच्या धंद्याला लागणारी ती भुकटी, म्हणजे सिलिका, इतकी बारीक, की फुप्फुसात खोल जाऊन बसते. खोकला, धाप, वजन उतरणं. कित्येकांना टीबीचीच औषधं दिली गेली आणि गुण आला नाही. शिवाय सिलिका साठलेल्या छातीत टीबीही लवकर शिरतो, म्हणजे काहींना दोन्ही. सिलिकोसिस बरा होत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2016 साली 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला झाला.

झाबुआची बस इंदुरातल्या आमच्या गंगवाल स्टँडवरूनच सुटते. तरी ही बातमी वाचून मी घाबरले नाही. का? सिलिकोसिस पसरत नाही. तो गंगवालवर उतरून माझ्या घरापर्यंत येणार नाही. म्हणजे माझी काळजी त्या खोकणाऱ्या माणसाची कधी नव्हतीच.

आपण मराठी माणसंही इंदुरात बाहेरूनच आलो, होळकरांच्या आश्रयाने. आपल्याला वाडे मिळाले, नोकऱ्या मिळाल्या. झाबुआकडच्या भिलाला आदिवासी पोराला मिळतो मजूर चौक. आणि खरं तर हा मुलूख आपल्यापेक्षा त्याचाच जास्त.

मागे आमच्या गॅलरीत टाइल कापणं चाललं होतं. टाइलच्या धुळीतही सिलिका असतेच. पांढरी धूळ आत येऊ नये म्हणून मी दारं लावून घेतली, फटींत ओली फडकी कोंबली. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराची मी नागरिक, ओला-सुका कचरा न चुकता वेगळा करणारी. धूळ वाईट हे कळत होतं, म्हणून तर फडकी. टाइल कापणारा पोरगा बाहेर त्याच धुळीत, तोंडाला गमछा बांधून. गमछ्याने ती बारीक धूळ अडत नाही.

तुमच्या घरी काम निघालं तर पाण्याची धार असलेलं कटर मशीन आणायला सांगा. धूळ उडण्याआधीच बसते. चिखल होतो, वेळ जातो, ठेकेदार चार पैसे जास्त मागतो. ते द्या. आणि कोणी खोकत असेल तर त्याला कामावरून काढू नका. याआधी कुठे कामाला होतास, एवढं विचारा, आणि जे सांगेल ते डॉक्टरांनाही सांगायला लावा.