अडीच वाजताचा अंतिम सामना

ऑस्ट्रेलियात सप्टेंबर सरताना आणि ऑक्टोबर उजाडताना फुटबॉलचे दोन अंतिम सामने होतात. एक मेलबर्नला, शनिवारी दुपारी अडीचला, एमसीजीवर लाखभर लोकांसमोर. तो ऑस्ट्रेलियन रूल्सचा, म्हणजे एएफएलचा. दुसरा सिडनीला, रविवारी रात्री साडेसातला. तो रग्बी लीगचा, म्हणजे एनआरएलचा. कधी दोन्ही एकाच शनिवार-रविवारी येतात, कधी आठवड्याच्या अंतराने. टीव्हीवर किती लोकांनी पाहिलं त्याचे आकडे हाती आले की वाद पेटतो : देशाचा खरा खेळ कोणता? या वादात मला मनापासून रस आहे. पण तो ज्या आकड्यांवर लढला जातो, ते आकडे कसे घडतात हे आधी पाहिलं पाहिजे.

इतिहासकार इयान टर्नर यांनी १९७८ मध्ये एका व्याख्यानात ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक रेषा कल्पिली आणि तिला रॉन बरासी या नामवंत खेळाडू-प्रशिक्षकाचं नाव दिलं. रेषेच्या एका बाजूला व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, टास्मानिया. तिथे अंडाकृती चेंडू, प्रचंड मैदान, अठरा-अठरा खेळाडू. दुसऱ्या बाजूला न्यू साउथ वेल्सचा बहुतेक भाग आणि क्वीन्सलँड. तिथे तेरा-तेरा खेळाडूंची रग्बी लीग. दोन्ही संघटनांनी ही रेषा ओलांडायचा प्रयत्न केला. मेलबर्नचा एक जुना क्लब १९८२ मध्ये सिडनीला हलवला गेला आणि तो आज सिडनी स्वान्स म्हणून ओळखला जातो. उलट दिशेने मेलबर्न स्टॉर्म हा लीगचा संघ १९९८ मध्ये उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी विजेता ठरला. तरी सवयी सहजी हलत नाहीत. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेला खेळ माणूस पन्नाशीतही पाहतो.

आता मोजणी. ओझटॅम ही संस्था २००१ पासून सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ॲडलेड आणि पर्थ या पाच शहरांतले प्रेक्षक मोजत आली. या पाचांपैकी तीन शहरं एएफएलची. लीगचा मोठा प्रेक्षकवर्ग तर न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या छोट्या गावांमध्ये, आणि त्या गावांची मोजणी वेगळी व्हायची. वर्षानुवर्षं जो आकडा बातम्यांत आधी झळकायचा, तो पाच शहरांचा. दोन्ही याद्या जोडल्या की चित्र पालटायचं. त्यात कुणी लबाडी केली असं नाही. जाहिरातदाराला मोठ्या शहरातलं गिऱ्हाईक हवं होतं आणि मोजपट्टी त्याच्या सोयीने कापली गेली होती. आपल्याकडे २०१५ मध्ये बार्क या टीव्ही प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेने गावातली घरंही मोजायला घेतली, तेव्हा मोफत डिशवर दिसणाऱ्या वाहिन्या एकाएकी यादीत वर आल्या. गावातले लोक त्याआधीही टीव्ही पाहत होतेच.

खेळाची घडणही आकड्यात शिरते. ऑस्ट्रेलियन रूल्सचा सामना चार भागांचा, थांबलेला वेळ धरून अडीच तासांच्या आसपास चालतो. प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यावर परत येतो आणि तेवढ्यात जाहिरात बसते. एका सामन्यात असे वीस-पंचवीस गोल सहज होतात, म्हणजे वाहिनीला विकायला तितक्या जागा मिळतात. लीगमध्ये चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव असतात, खेळ थांबला तरी लगेच पुन्हा सुरू होतो आणि जाहिरातीला फट कमी मिळते. म्हणून दोन्हीकडे प्रेक्षक सारखे असले, तरी एएफएलचा प्रेक्षक वाहिनीला जास्त मोलाचा ठरतो. २०२२ मध्ये एएफएलने २०२५ ते २०३१ या सात वर्षांचे हक्क साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले. त्या रकमेमागे लोकप्रियता आहेच, पण गोलनंतरचे ते काही सेकंदही आहेत.

लीगने याला वेळापत्रकातून उत्तर शोधलं. आठवड्याचे आठ सामने गुरुवारपासून रविवारपर्यंत असे मांडायचे की एकावर दुसरा येऊ नये, म्हणजे चाहत्याला एकामागून एक सगळे पाहता येतील आणि बेरीज फुगेल. एएफएलचे नऊ सामने, तेही लांबलचक, शनिवारी एकमेकांवर चढतात आणि आपलाच प्रेक्षक वाटून घेतात. मग हंगामाच्या शेवटी एक बाजू एकूण बेरीज पुढे करते, दुसरी सामन्यामागची सरासरी. दोन्ही खरं बोलत असतात.

मला खरा राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. २००२ ते २००६ या काळात चॅनेल नाइनकडे दोन्ही खेळ होते. शुक्रवारी रात्री सिडनीत लीग आधी, मेलबर्नमध्ये रूल्स आधी. ज्याचा खेळ अल्पसंख्य, त्याने मध्यरात्रीपर्यंत जागायचं. स्टॉर्मचा मेलबर्नमधला चाहता आपल्या संघाचा सामना संपून गेल्यावर पाहायचा. आणि मग म्हणायचं, मेलबर्नमध्ये लीग कुणी बघत नाही! ज्या वेळी माणसं झोपलेली असतात त्या वेळी खेळ दाखवायचा आणि त्या झोपेला नावड ठरवायचं, हा अन्याय आहे.

टीव्हीपायी लीगने याहून मोठी किंमत मोजली. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये सशुल्क वाहिन्या आल्या. त्यांना खेळ हवा होता. मर्डॉक आणि पॅकर या दोन माध्यमसम्राटांच्या झगड्यात लीग दुभंगली आणि १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या स्पर्धा झाल्या. तह झाला, १९९८ मध्ये एनआरएल आली, पण संघ कमी करायचे ठरले आणि साउथ सिडनी हा १९०८ पासूनचा क्लब १९९९च्या हंगामानंतर वगळला गेला. हजारो माणसं सिडनीच्या रस्त्यावर उतरली. न्यायालयात लढाई झाली आणि २००२ मध्ये क्लब परत आला. त्या मोर्चातल्या माणसांच्या आस्थेची नोंद प्रेक्षकसंख्येच्या कुठल्याच रकान्यात नव्हती.

आकड्यांत न बसणाऱ्या या आस्थेसाठीच अंतिम सामन्याच्या वेळेला मी इतकं महत्त्व देतो. लीगने २००१ मध्ये पहिल्यांदा तो रात्री खेळवला, मधली काही वर्षं संध्याकाळकडे आणला आणि २०१३ पासून पुन्हा रात्री नेला. सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे निभावतं. शिवाय क्वीन्सलँड घड्याळ पुढे करत नाही, तेव्हा सिडनीत साडेसात वाजले की ब्रिस्बेनमध्ये साडेसहाच असतात. तरी सामना आणि करंडक आटोपेपर्यंत सिडनीतली सहा-सात वर्षांची मुलं पेंगलेली असतात, मैदानातून घरी पोचायला मध्यरात्र होते.

एएफएलवरही तसाच दबाव आहे. कोविडमुळे २०२० चा अंतिम सामना ब्रिस्बेनला रात्री झाला, २०२१ चा पर्थला, मेलबर्नच्या घड्याळाप्रमाणे सव्वासातच्या सुमारास. प्रेक्षक प्रचंड मिळाले आणि रात्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांना पुरावा सापडला. पण दोन्ही वेळा मेलबर्न टाळेबंदीत होतं. घराबाहेर पडण्यावर निर्बंध असलेलं शहर टीव्हीसमोर बसलं, यातून वेळेबद्दल काय सिद्ध होणार? शिवाय २०२१ मध्ये मेलबर्न डीमन्स १९६४ नंतर पहिल्यांदा जिंकले. तो सामना सकाळी सातला असता तरी त्यांच्या लोकांनी पाहिला असता. २०२२ मध्ये सामना एमसीजीवर आणि दुपारी परत आला, हे मला योग्य वाटतं. दुपारच्या सामन्यानंतर संध्याकाळ उरते. लोक अंगणात जमतात, पोरं मधल्या वेळेत रस्त्यावर चेंडू लाथाडतात, जिंकलेले उशिरापर्यंत गातात. पर्थमध्ये सामना सुरू होताना साडेबारा वाजलेले असतात, तिथे तर सबंध दिवस हाती असतो. रात्री खेळवला तर आकडा कदाचित वाढेल, पण हे सगळं जाईल.

अंतिम सामने मोफत वाहिन्यांसाठी राखून ठेवणारी यादी ऑस्ट्रेलियाने नव्वदच्या दशकातच कायद्याने केली. कुठे दाखवायचं हे बाजारावर सोडायचं नाही, एवढं त्या देशाने ठरवलं. केव्हा दाखवायचं यावर मात्र असा कुठलाच अंकुश नाही. सध्याच्या करारांपैकी लीगचा २०२७ पर्यंतचा आहे, रूल्सचा २०३१ पर्यंतचा. पुढच्या वाटाघाटींना बसताना दोन्ही संघटनांनी अंतिम सामन्याची वेळ विक्रीच्या यादीतून आधीच काढून घ्यावी आणि लीगने तर ती पुन्हा दुपारकडे आणावी. त्यासाठी काही कोटी डॉलर कमी आले तरी चालतील.