व्यसनमुक्ती आणि अभ्यासयोग

काशीक्षेत्री गंगास्नान करून परतणारा यात्रेकरू जर्द्याचे पान तोंडात घालतो, तेव्हा आपण एका उत्तेजक द्रव्याचे दास्य पत्करीत आहोत, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. तंबाखूतील निकोटिन क्षणभर तरतरी देते. पुढे त्याच्याविना चित्त अस्वस्थ होते, निद्रा उडते, क्रोध अनावर होतो. आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे असे जे राजस सुख अठराव्या अध्यायात वर्णिले आहे, ते हेच.

यावरील उपचारासाठी रुग्णालयात राहावे लागतेच असे नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. अशा ठिकाणी समुपदेशन व औषध घेऊन रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. पण वाटेवर तेच पानाचे दुकान असते! मग हा उपचार दुबळा नव्हे काय?

नव्हे. अर्जुनालाही भगवंतांनी रणांगणापासून दूर नेऊन उपदेश केला नाही. चंचल मनाला आवरण्यास सहाव्या अध्यायात अभ्यास व वैराग्य हे दोनच उपाय सांगितले आहेत. आणि अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा केलेला यत्न. तलफेचा भर काही मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ निभावणे हीच त्या दिवसाची साधना.

आणि पुन्हा पाय घसरला तर? योगभ्रष्टाचीही दुर्गती होत नाही, असे भगवंतांचे आश्वासन आहे. म्हणून गृहस्थहो, घसरलेल्या पुत्राला वा बंधूला धिक्कारू नका. पुढल्या तारखेस त्याच्यासह दवाखान्याची पायरी चढा. यत्न त्याचा, त्याला एकटे न सोडणे हा तुमचा स्वधर्म होय.