शिर सलामत राहिलं, मग?

मार्कच्या हातावर जखम आहे. अंगावरचं रक्त त्याचं स्वतःचं की हल्ला करणाऱ्याचं, याची खात्री कुणालाच नाही. तो सेलिनाकडे बघतो, ‘नको’ म्हणतो, आणि तिचा कोयता खाली येतो. आतापर्यंत जिवाला जीव देऊन सोबत राहिलेला माणूस क्षणात संपतो. जिम नुसता बघत राहतो. तुझ्यावर ही वेळ आली तर तुझ्याही बाबतीत मी डोळ्याचं पातं लवू देणार नाही, असं ती त्याला सुनावते. तिच्या हिशोबात जिवंत राहणं एवढंच काय ते उरलेलं आहे.

डॅनी बॉयलने दिग्दर्शित केलेला आणि ॲलेक्स गार्लंडने लिहिलेला ‘२८ डेज लेटर’ हा २००२ चा ब्रिटिश भयपट. वेस्टमिन्स्टर पुलावरून हॉस्पिटलच्या कपड्यांत एकटा चालणारा जिम सगळ्यांच्या लक्षात राहतो. भल्या पहाटे थोडा थोडा वेळ रहदारी थोपवून, साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेलं ते ओसाड लंडन विसरता येण्यासारखं नाहीच. रस्त्यावर विखुरलेल्या नोटा बघून हा बाबा त्या पिशवीत भरू लागतो. जग बुडालं तरी सवय काही सुटत नाही! पण माझ्या डोक्यात मार्कच रुतून बसला. कारण सेलिनाचं ते तर्कशास्त्र आपल्याला परकं नाही. ‘शिर सलामत तो पगडी पचास’ म्हणत आपण ते पिढ्यान्‌पिढ्या उगाळत आलो आहोत.

या सिनेमातल्या रोगाचं नावच मुळी संताप. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत एका चिंपांझीला जखडून त्याच्यापुढे पडदे लावलेत आणि त्यांवर दंगली, मारहाण, जाळपोळ अखंड चालू आहे. प्राण्यांना सोडवायला आलेले तरुण पिंजरा उघडतात आणि साथ सुटते. रक्ताचा एक थेंब पुरतो, दहा-वीस सेकंदांत माणूस माणूस राहत नाही. जिम-सेलिनाला पुढे भेटलेल्या फ्रँकच्या डोळ्यात वरच्या प्रेतातून असाच एक थेंब पडतो. आपण आता बदलणार हे कळताच तो पोटच्या पोरीला, हॅनाला, दूर राहायला ओरडून सांगतो. स्वतःच्या जिवापलीकडे काही असतं हे त्या आडदांड टॅक्सीवाल्याला शेवटच्या क्षणीही कळलेलं असतं.

खरी भीती त्यानंतर सुरू होते, आणि ती रोग्यांची नाही. मँचेस्टरजवळच्या एका वाड्यात सैन्याची तुकडी आहे. रोगावर उपाय आमच्याकडे आहे, या, असं रेडिओवर त्यांचं आवाहन चालू असतं. आत भिंती आहेत, बंदुका आहेत, अदबीने बोलणारा मेजर वेस्ट आहे. त्याची माणसं खचली होती, एक जण जीव द्यायला निघाला होता, म्हणून साहेबांनी त्यांना बायका मिळवून देण्याचा शब्द दिलेला. रेडिओवरचं निमंत्रण त्यासाठी होतं. सेलिना आणि शाळकरी वयाची हॅना, दोघींना लाल झगे घालायला लावतात. विरोध करणाऱ्या सार्जंटला गोळी घालतात. हे करणाऱ्यांपैकी एकालाही विषाणूची बाधा झालेली नाही, हे विसरू नये.

‘आम्ही तुमचं रक्षण करतो’ हे वाक्य ऐकलं की रक्षणाची किंमत कोण मोजणार, हे आधी विचारायला हवं. पुण्याने हे विचारून पाहिलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये साथरोगाचा कायदा फेब्रुवारीत आला आणि मार्चमध्ये प्लेग अधिकारी रँडचे गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. बायकांच्या तपासणीवरून शहर पेटलं. तेव्हा इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शिपायांच्या अत्याचाराचे आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये मांडले. पुरावा पुढे करायला कुणी धजेना आणि परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. काय घडलं, काय नाही, यावर पुरुष भांडत राहिले. ज्यांच्या घरात शिपाई शिरले त्या बायकांना उघडपणे बोलण्याची सोय ना सरकारने ठेवली, ना समाजाने. घरची अब्रू जाते म्हणून गप्प बसवणारे आपलेच होते.

आणि त्याच प्लेगमध्ये, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगाने त्या गेल्या. पगडीच्या हिशोबाने हा शुद्ध वेडेपणा. सेलिनाला विचारलं असतं तर तिने पहिल्या अर्ध्या तासातच हे सांगितलं असतं. पण शेवटाकडे तीच सेलिना हातात कोयता धरून उभी आहे, समोर रक्ताने माखलेला, नुकतेच एका शिपायाचे डोळे अंगठ्यांनी फोडणारा जिम आहे. बाधा झालीय की नाही, कळायला मार्ग नाही. नियमाप्रमाणे वार व्हायला हवा. ती थांबते. पातं लवतं, आणखी एकदा लवतं. त्या थांबण्यात धोका आहे, आणि ती तो पत्करते. मला वाटतं, ती माणसात परत येते ती इथे.

सिनेमाबद्दल हे सगळं बोलणं सोपं आहे. २०२० च्या मार्चमध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाला दोरी बांधली गेली. चौथ्या मजल्यावरच्या नर्सताईंनी लिफ्ट वापरू नये, असा ठराव व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत झाला. विरोधात कुणी बोललं नाही. मी अंगठा दाखवला नाही, पण तोंडही उघडलं नाही, आणि बरेच दिवस मला त्याचं कौतुकच वाटत होतं. रात्रपाळी करून त्या जिना चढायच्या. हातातली डब्याची पिशवी प्रत्येक मजल्यावर खाली ठेवायच्या, दम खायच्या. आमच्या दारापाशी ती पिशवी टेकल्याचा आवाज आला की मी टीव्ही मोठा करायचो. एप्रिलमध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणं अजामीनपात्र गुन्हा ठरवून. आम्ही हात उचलला नव्हता. आमच्यासारख्यांसाठी त्यात कलम असेल, असं आम्हाला वाटलंच नाही.

साथीत काळजी घेऊ नये, असं कुणीच म्हणणार नाही. मास्क लावा, अंतर ठेवा, लस घ्या. पण जी बाई आपल्यातल्याच कुणाच्या आईचा ऑक्सिजन बघून आली, तिला पायऱ्या चढायला लावण्याने विषाणू अडतो, असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं होतं? सांगितलं होतं आमच्या भीतीने, आणि भीतीला लगेच ठराव, सही, शिक्का मिळाला. त्यावर माझी सही नव्हती, एवढंच माझं समाधान.

नर्सताई अजून तिथेच राहतात. परवा लिफ्टमध्ये भेटल्या. मी खिसे चाचपत होतो, चावी सापडेना. त्यांनी काही न विचारता माझ्या मजल्याचं बटण दाबलं.